बसंतीने न केलेले उपास

मी, कुंती सीताराम भिवाजी, वय बासष्ट वर्षे, विधवा, राहणार ग्रां बुआ, जिल्हा सावान, मॉरिशस, हे मृत्युपत्र माझ्या घराच्या व्हरांड्यात बसून, दिवसाउजेडी, स्वतःच्या हाताने लिहीत आहे. मला साखरेचा आजार आहे, डाव्या डोळ्याला धूसर दिसते, आणि मला राग आहे. रागामुळे माणसाची बुद्धी ठिकाणावर नाही असे धरतात का, हे मी नोटरींना मुद्दाम विचारले. ते म्हणाले, "नाही मादाम, तसं असतं तर एकही मृत्युपत्र टिकलं नसतं." तेव्हा माझी बुद्धी ठिकाणावर आहे. कोणी मला धाकात घेतलेले नाही, कोणी शेजारी उभे राहून सांगत नाही.

नोटरी म्हणाले, फ्रेंचमध्ये लिहा. मी विचारले, कायद्यात भाषेचे नाव आहे का? त्यांनी पुस्तक काढून पाहिले आणि म्हणाले, नाही, फक्त सगळे तुमच्या हातचे हवे, तारीख हवी, सही हवी. म्हणून मराठीत लिहिते. वडिलांनी मला बैठकेत, म्हणजे आमच्या वस्तीच्या संध्याकाळच्या शाळेत, मुलांच्या मागे बसवून ही अक्षरे शिकवली, आणि पुढे वीस वर्षे मी त्याच बैठकेत ती शिकवली. दुसरे कारण असे की माझ्या मुलाला मराठी उत्तम वाचता येते. हा कागद त्याला स्वतः वाचता येईल. मधे कोणी दुभाषा लागणार नाही.

यापूर्वी मी मृत्युपत्र केलेले नाही. हेच पहिले आणि हेच शेवटचे.

कलम पहिले. घर आणि जागा.

ग्रां बुआ येथील माझे दोन खोल्यांचे सिमेंटचे घर, मागचे पत्र्याचे स्वयंपाकघर आणि खालची आठ पर्चेस मापाची जागा ही माझ्या नावावर आहे. ती माझे पती सीताराम भिवाजी यांच्या मृत्यूनंतर मिळालेल्या भरपाईतून घेतली. १९६६ साली ते उसाच्या लॉरीखाली गेले. तेव्हा आमचा एकुलता एक मुलगा इंद्रदेव तेरा वर्षांचा होता. त्याच्या आधीची आणि नंतरची मिळून सव्वीस वर्षे मी मळ्यात खुरपणी केली, दगड वेचले, आणि त्याला कॉलेजात शिकवले.

या मालमत्तेचा अर्धा हिस्सा मी सुनयना धोंडू हिला देते. सुनयना माझ्या पोटची नाही. ती माझी शेजारीण बसंती धोंडू हिची मुलगी. बसंती १९८० साली वारली, तेव्हापासून सुनयना माझ्याकडे राहते आणि माझी पोरगीच आहे.

उरलेला अर्धा हिस्सा माझा मुलगा इंद्रदेव याला जातो. "देते" असे मी लिहीत नाही. एकुलत्या एका मुलाला अर्ध्या मालमत्तेपासून तोडता येत नाही असा इथला कायदा आहे. मी नोटरींना तीनदा विचारले. तिसऱ्यांदा ते जरा चिडले. कायद्याला माझ्या मुलाची माझ्यापेक्षा जास्त काळजी आहे, तर असो. वाटणी करताना स्वयंपाकघराची बाजू त्याच्याकडे जावी अशी माझी इच्छा आहे. त्याने कधीतरी तिथे उभे राहून कुंपणापलीकडे बसंतीच्या घराकडे पाहावे.

हा राग कशाचा, हे लिहिल्याशिवाय पुढची कलमे कोणाला समजणार नाहीत. म्हणून जे घडले ते क्रमाने लिहिते.

१९७३ च्या मार्च महिन्यात परदेशातले एक प्रोफेसर आमच्या गावात आले. त्यांचे नाव लोमॅक्स. गरीब माणसे गरीब का राहतात, यावर त्यांना पुस्तक लिहायचे होते. दिवस आंत्रकूपचे होते, म्हणजे ऊसतोड संपलेली आणि पुढची सुरू व्हायला तीन महिने बाकी. मळ्यात काम नाही. गरिबी पाहायची तर हेच दिवस बरे असे कोणीतरी त्यांना सांगितले असावे. त्यांना फ्रेंच येत होते, क्रेओल थोडे समजे, मराठी नाही. बायका घरात मराठी बोलत, म्हणून त्यांना दुभाषी हवी होती. आमच्या मंदिराचे अध्यक्ष नंदलाल यांनी माझे नाव सांगितले.

मला अभिमान वाटला. हे लपवत नाही. सव्वीस वर्षे जी मान खाली घालून खुरपत होती, ती कुंती आता साहेबाच्या शेजारी वही घेऊन चालत होती. मी त्यांना बावीस घरे दाखवली. प्रत्येक घरी त्यांचे प्रश्न छापील होते. घरात चमचे किती? पडदे आहेत का? मुलगा मोठेपणी काय व्हावा असे वाटते? गेल्या आठवड्यात कोणत्या दिवशी जेवण केले नाही, आणि का?

घर क्रमांक चौदा बसंतीचे. आमच्या दोघींच्या घरांत एक बांबूचे कुंपण, आणि त्यालाही मधे वाट. तिचा नवरा तीन वर्षांपूर्वी गेला होता, पदरात सुनयना आणि दोन लहान मुलगे. मी संध्याकाळी बैठकेत शिकवायला जाई तेव्हा माझा इंद्रदेव तिच्या चुलीपाशी पुस्तक घेऊन बसे आणि तिथेच जेवे. त्याच्या परीक्षेच्या वर्षी तर रोज. "शिकणारा पोर आहे," असे म्हणून ती त्याचे ताट आधी वाढी. तो विचारी, "मावशी, तू?" ती म्हणे, "माझा उपास."

प्रोफेसरांनी तिला तो जेवणाचा प्रश्न विचारला तेव्हा तिन्ही मुले तिच्यासमोर चटईवर बसली होती.

बसंती म्हणाली, "उपास असतो माझा."

"महिन्यातून किती?"

तिने माझ्याकडे पाहिले. "नऊ सांग. नाहीतर दहा."

मी दहा सांगितले. प्रोफेसरांनी दहा लिहिले आणि त्याखाली एक रेघ ओढली. मग त्यांनी स्वयंपाकघराचा फोटो काढला. चुलीशेजारी भाताचे पातेले घासून उपडे ठेवलेले होते.

ते फाटकाबाहेर गेल्यावर बसंतीने माझा हात धरला. "पोरां समोर होती गे. त्यांच्यासमोर काय सांगू, तांदूळ पुरत नाय म्हणून? मग ती पण जेवायची नायत."

मला हे नवे नव्हते. एकादशी महिन्यात दोनदाच येते आणि लागोपाठ तीन दिवस येत नाही, हे पंचांग न पाहताही कोणाला कळते. माझ्याच मुलाचे ताट ती वाढत होती. तरी मी कधी विचारले नव्हते, आणि त्या दिवशी प्रोफेसरांच्या मागे धावत जाऊन "ते दहा खोडा" असे म्हटले नाही. तिची लाज राखली असे मी स्वतःला सांगितले. खरे म्हणजे गाव साहेबाला देवभोळे दिसले तरी चालेल, उपाशी दिसू नये, असे मलाही वाटले होते. माझ्या वाट्याची किळस मी इथे आधी नोंदवते, मग इतरांची.

प्रोफेसर ऑगस्टमध्ये परत गेले. इंद्रदेव त्यांना हुशार वाटला. दुसऱ्या वर्षी त्यांनी त्याला आपल्या विद्यापीठात बोलावले, शिष्यवृत्ती दिली. आम्ही दोघी त्याला पोचवायला विमानतळावर गेलो. बसंतीने त्याच्या खिशात तिळाचे लाडू कोंबले.

१९७८ साली त्याचे पत्र आले. तो आता प्रोफेसरांबरोबर पुस्तक लिहीत होता, आणि क्रमांक चौदाच्या उपासांबद्दल त्याला अधिक माहिती हवी होती. कोणत्या देवाचे, कोणत्या तिथीचे. मी चार पाने उत्तर लिहिले. कोणत्याच देवाचे नाहीत, बसंती उपाशी राहत होती, मुलांना कळू नये म्हणून उपास म्हणत होती, तुला तर माहीत आहे, असे स्वच्छ लिहिले. टपालात टाकण्याआधी बसंतीला वाचून दाखवले. ती म्हणाली, "पाठव. इंद्राला सांगायला काय लाज."

त्या पत्राला उत्तर आले नाही. पुढच्या वर्षी पुस्तक आले. टपालाने, सुंदर बांधणीचे, आत इंद्रदेवची सही. इंग्रजी मला येत नाही. मी ते गणपतीच्या फोटोखाली ठेवले.

१९७९ च्या डिसेंबरात वादळ झाले. अर्ध्या गावाचे पत्रे उडाले. नंतर एक परदेशी संस्था मदत घेऊन आली. दुधाची भुकटी, मसूर, तेल. कोणाला द्यायचे याची यादी गावाच्या सभागृहाबाहेर लागली. यादीत दोन गट होते. पहिल्या गटाला शिधा. दुसऱ्या गटाला शिध्याऐवजी वर्ग, आहार कसा घ्यावा याचा. नंदलाल पहिल्या गटात होते. त्यांची स्वतःची लॉरी होती, पण त्यांनी १९७३ साली प्रोफेसरांसमोर फार छान गरिबी सांगितली होती. बसंती दुसऱ्या गटात होती.

मी सभागृहातल्या माणसाला विचारले, "हिला का नाही?"

त्याने कागद पाहिला. "ह्यांच्याकडे टंचाई नाही, रूढी आहे. रूढीवर दूध देऊन उपयोग नसतो. शिकवावं लागतं."

बसंती वर्गाला गेली. परत आली ती हसत. एका बाईने कापडी फळ्यावर रंगीत चित्रे चिकटवून सांगितले होते की देवाला भुकेलेली माणसे आवडत नाहीत आणि आठवड्यातून तीन अंडी खावीत. "मी विचारलं, कुणाची?" बसंती म्हणाली. "बाई म्हणे, कोंबडीची." आम्ही दोघी कुंपणाशी उभ्या राहून पोट दुखेपर्यंत हसलो. ते आमचे शेवटचे हसणे असावे, कारण त्यानंतरचे मला आठवत नाही.

जूनमध्ये ऊसतोड सुरू झाली आणि दुसऱ्याच आठवड्यात ती मळ्यात कोसळली. इस्पितळातल्या डॉक्टरने सांगितले, अंगात रक्तच नाही, असे काही आज झालेले नाही, वर्षांचे आहे. अकरा दिवसांनी ती गेली. वय शेहेचाळीस. तिचे दोन मुलगे मामाकडे सांत्र द फ्लाकला गेले. सुनयना माझ्याकडे आली. तिची शाळा फीपायी सुटली होती, ती १९७७ साली शिक्षण मोफत झाल्यावर पुन्हा सुरू झाली होती. मी ती सुटू दिली नाही.

एका दुपारी सुनयनाने गणपतीखालचे पुस्तक काढून वाचायला घेतले. ती एका पानावर थांबली आणि मला म्हणाली, "मावशी, ही तर आमची आई." पुस्तकात गावाचे नाव बदलले होते, बसंतीचेही. पण घर चौदा, तीन मुले, विधवा, महिन्याला दहा उपास. तिने वाचून अर्थ सांगितला. या कुटुंबातील अपपोषणाचे मुख्य कारण धार्मिक उपवास हे होय. उत्पन्न वाढले तरी ही मनोवृत्ती पिढ्यान्‌पिढ्या टिकते. गरिबी इथे केवळ परिस्थिती नाही, ती एक जीवनपद्धती आहे. खाली टीप होती, की या निष्कर्षाला लेखकांपैकी एकाच्या प्रत्यक्ष अनुभवाचा आधार आहे. लेखक दोनच होते. त्यांतला एक बसंतीच्या हातचे जेवून मोठा झाला होता.

सुनयनाने पुस्तक मिटले, पण ते गणपतीखाली परत ठेवले नाही.

१९८१ च्या ऑगस्टात प्रोफेसर आणि इंद्रदेव इथे आले. दक्षिणेच्या किनाऱ्यावरच्या एका मोठ्या हॉटेलात गरिबी आणि विकास या विषयावर तीन दिवसांची सभा होती. मला निमंत्रण होते. पहिल्या दुभाषीचा सन्मान करायचा होता. मी सुनयनाला घेऊन गेले. जेवणाच्या टेबलावर सोळा पदार्थ होते, मी मोजले. बर्फाचा एक हंस केलेला होता आणि तो कोळंबीवर वितळत होता.

प्रोफेसरांनी दिवे मालवून चित्रे दाखवली. बसंतीचे स्वयंपाकघर भिंतीएवढे झाले. उपडे पातेले माणसाच्या उंचीचे. ते त्यावर काठी ठेवून बोलत होते आणि सुनयना माझ्या कानात सांगत होती. पातेले रिकामे आहे ते ठरवून, असे ते म्हणत होते.

त्यांच्यानंतर एक दाढीवाले तरुण विद्वान उठले. ते म्हणाले, हे सगळे चूक आहे. गरिबाचा दोष नाही. साखरेचा भाव लंडनमध्ये ठरतो, मळे साहेबांचे, श्रीमंत देश गरीब देशांना पिळून श्रीमंत झाले. मला ते पटले. अजूनही पटते. पण त्यांचे भाषण संपल्यावर मी त्यांच्याजवळ जाऊन म्हटले, ते घर माझ्या शेजारणीचे आहे. ते म्हणाले, "हो का? फारच बोलका फोटो आहे." आणि बशी घेऊन रांगेत लागले. एकाने तिच्यासाठी पार देवापर्यंत कारण शोधले, दुसऱ्याने लंडनपर्यंत. हॉटेलापासून अर्ध्या तासावर त्या चुलीची राख होती, तिथे कोणी आले नाही.

दुपारी मला व्यासपीठावर बोलावले. शाल दिली. दोन शब्द बोला म्हणाले. इंद्रदेव माझ्या शेजारी भाषांतराला उभा राहिला. क्रेओलमध्ये बोलले असते तर आमच्या लोकांना तरी थेट कळले असते. पण शेजारी मुलगा उभा होता, म्हणून तोंडातून मराठी आली.

मी म्हटले, "त्या घरातली बाई बसंती धोंडू. ती मागच्या वर्षी वारली. ती उपास करत नव्हती, ती उपाशी होती. मी दुभाषी होते आणि मी चुकीचं सांगितलं. माझ्या मुलाला खरं माहीत होतं. मी त्याला पत्रही लिहिलं होतं. तुमच्या पुस्तकातलं ते पान खोटं आहे."

इंद्रदेवने इंग्रजीत सांगितले. फार थोडक्यात. लोकांनी टाळ्या वाजवल्या.

टाळ्या ऐकून मी सुनयनाकडे पाहिले. ती उभी राहिली होती. एकोणीस वर्षांची पोर, त्या सगळ्या कोटवाल्यांत. तिने मोठ्याने इंग्रजीत म्हटले की हे तसे बोललेले नाही. सभेच्या अध्यक्षांनी घड्याळ पाहिले आणि चहाची सुट्टी जाहीर केली.

बाहेर येऊन सुनयनाने सांगितले तेव्हा मला कळले, मी काय बोलले असे जगाला वाटले ते. माझ्या मुलाने सांगितले होते, "माझी आई गावातर्फे आभार मानते. ती म्हणते, जुन्या चाली सोडणं कठीण असतं."

मी त्याला पोहण्याच्या तलावाशी गाठले.

"इंद्रा, माझं पत्र तुला मिळालं होतं?"

"मिळालं होतं, आये."

"मग?"

"पत्र हा पुरावा होत नाही. मुलाखतीत जे उत्तर आलं तेच धरावं लागतं. एकवीस घरांना एक नियम आणि एका घराला दुसरा, असं करता येत नाही."

"तू तिच्या हातचं जेवलास. तुझं ताट वाढून ती उपाशी झोपायची. तुला कळत नव्हतं?"

तो खाली पाण्याकडे पाहत राहिला. "कळत होतं. म्हणूनच मला तटस्थ राहायला हवं होतं."

"आणि ती यादी? वादळानंतरची?"

"मी फक्त पद्धत सुचवली होती. नावं दुसऱ्यांनी घातली."

"एक ओळ छाप. क्रमांक चौदा उपाशी होती, एवढीच."

"आसे, मामा, आसे," तो क्रेओलमध्ये म्हणाला. पुरे, आई, पुरे. तेवढे बोलून तो आत गेला. तिथे लोक त्याची वाट पाहत होते.

मी शाल तलावात टाकली. हॉटेलच्या माणसाने ती जाळीने काढून, पिळून, मला आणून दिली. ती मी आता स्वयंपाकघराच्या फरशीला वापरते. ती कोणाला द्यायची नाही.

कलम दुसरे. वह्या.

१९७३ च्या बावीस घरांच्या उत्तरांच्या कार्बन प्रती माझ्या लोखंडी पेटीत आहेत. प्रोफेसरांनी त्या मागितल्या, १९८५ मध्ये इंद्रदेवने मागितल्या, मागच्या वर्षी दुसऱ्या एका विद्यापीठाची तरुण मंडळी तीच बावीस घरे पुन्हा तपासायला आली, त्यांनीही मागितल्या. कोणालाही देऊ नयेत. सुनयनाने प्रत्येक घरी जाऊन त्या त्या घराची पाने त्या घरच्या माणसांच्या हातात द्यावीत. ती उत्तरे त्यांची आहेत. त्यांना ती जाळायची असतील तर काडीपेटीही द्यावी.

कलम तिसरे. घड्याळ.

प्रोफेसर लोमॅक्स यांनी दिलेले मनगटी घड्याळ त्यांना रजिस्टर टपालाने परत करावे. सोबत चिठ्ठी नको. घड्याळ नीट चालते. त्याच्याविषयी माझी तक्रार नाही.

कलम चौथे. पोस्टातील बचत.

ती संपूर्ण, कायद्याला जेवढी चालेल तेवढी, सुनयनाला. हे का, ते लिहिते. सुनयना शाळेच्या परीक्षेत चांगली पास झाली, पण १९८३ पासून प्लेन मान्येनजवळच्या एका कारखान्यात स्वेटर विणते. गावातल्या निम्म्या पोरी तिथेच आहेत. बस पहाटे येते. तिच्या पापण्यांवर लोकरीचे तंतू असतात, खोकल्यातून तेच पडतात, आणि ती ज्या देशातल्या लोकांसाठी ते विणते तिथे बर्फ पडते, जे तिने फक्त हॉटेलात हंसाच्या रूपाने पाहिले. आता वर्तमानपत्रे या सगळ्याला चमत्कार म्हणतात. दोन वर्षांपूर्वी माझ्या मुलाने, जो आता एका मोठ्या परदेशी संस्थेचा सल्लागार आहे, लिहिले की इथल्या बायका थोडक्यात भागवणाऱ्या आणि चिकाटीच्या असल्यामुळे हे बेट पुढे आले. १९७९ साली ज्या सवयीने आम्ही गरीब राहिलो, १९८५ साली त्याच सवयीने आम्ही श्रीमंत झालो. दोन्ही वेळा त्याला बढती मिळाली.

सुनयनाला शिक्षिका व्हायचे आहे. ही बचत घेऊन तिने कारखाना सोडावा आणि प्रशिक्षणाला जावे. तिने ऐकले नाही तरी बचत तिचीच. अट घालणारी माणसे मी पुष्कळ पाहिली.

कलम पाचवे. किरकोळ.

माझी कुदळ, खुरपे आणि दोन कोयते, ज्याला मळ्यावर काम असेल त्याला. मराठी पुस्तके आणि फळा बैठकेला; चंद्रमोहन गुरुजींनी सांभाळावा. मुलींना पुढच्या बाकावर बसवावे. तांब्याची मोठी हंडी मंदिराला, गणेश चतुर्थीच्या प्रसादासाठी. त्या दिवशी दारात यादी घेऊन कोणी उभे राहू नये. नंदलाल यांना मी काही देत नाही, क्षमाही नाही. त्यांनी दुधाचे डबे घेतले तेव्हा बसंती त्यांच्यामागे उभी होती, आणि त्यांनी मागे वळून पाहिले होते.

कलम सहावे. माझे अंत्यविधी.

अग्नी सुनयनाने द्यावा. मंदिरातली मंडळी कुरकुरतील, कुरकुरू द्यावे. इंद्रदेव आला तर त्याला दारातून परत पाठवू नये, त्याला पोटभर जेवू घालावे. पण भाषण करू देऊ नये, कोणत्याच भाषेत. त्याने मागच्या वर्षी मला कात्र बोर्न शहरातल्या त्याच्या फ्लॅटमध्ये येऊन राहा म्हटले. तो वाईट मुलगा आहे असे मी म्हणत नाही. तो दरमहा चौकशी करतो. लहानपणी त्याला पावसात भिजलेले पक्षी घरी आणायची सवय होती. हे लिहिताना मला त्याचीही आठवण येते, आणि मग ते पान आठवते. आई असून पोटच्या मुलाची शिसारी यावी, याहून वाईट काही माझ्या वाट्याला आलेले नाही, आणि मी लॉरीखालून नवरा उचलला आहे.

कलम सातवे आणि शेवटचे.

नोटरी म्हणतात, माझ्या मृत्यूनंतर हा कागद सरकारी दफ्तरात नोंदला जाईल, त्यावर क्रमांक पडेल, आणि कोणालाही तो मागून पाहता येईल. पुस्तकात एक ओळ छापून घेणे मला जमले नाही. सरकारी शिक्का तरी असेल. म्हणून मी नोंदवते, आणि याला पुरावा म्हणावे की नाही ते विद्वानांनी ठरवत बसावे:

बसंती धोंडू, ग्रां बुआ, घर क्रमांक चौदा, ही १९७० ते १९८० या दहा वर्षांत भुकेली होती. तिने सांगितलेले उपास तिने केले नव्हते. तिला तांदूळ पुरत नव्हते. हे तिची शेजारीण कुंती भिवाजी हिला आणि कुंतीचा मुलगा इंद्रदेव याला माहीत होते.

वरील सर्व मी लिहिले, पुन्हा वाचले, आणि एकही शब्द खोडावासा वाटला नाही.

कुंती सीताराम भिवाजी
ग्रां बुआ, सावान
रविवार, दिनांक ९ ऑगस्ट १९८७

स्वहस्ते लिहिलेल्या मृत्युपत्राला साक्षीदार लागत नाहीत असे नोटरींनी सांगितले आहे. मला लागतात. त्यांनी पुढच्या वेगळ्या पानावर सही करावी, म्हणजे कायद्याला अडचण नको.

(वेगळे पान)

कुंतीबाई भिवाजी यांनी आमच्या देखत सही केली. त्या शुद्धीवर होत्या. सही करून झाल्यावर त्यांनी आम्हाला चहा दिला.

साक्षीदार पहिला: चंद्रमोहन राघू, मराठी शिक्षक, वय ४१, ग्रां बुआ. (सही)

साक्षीदार दुसरी: पुष्पा महादू, मळ्यातली कामगार, वय ५४, ग्रां बुआ. (सही)

मी पुष्पा. गुरुजी म्हणतात नाव लिहिलं की पुरे, पण मला अजून लिहायचं हाय. कुंतीबायनं सगळा कागद वाचून दाखवला. त्या बावीसात माझं घर नंबर नऊ. त्या साहेबाला मी म्हयन्याला सहा उपास सांगितले होते. त्यातला एक पण देवाचा नव्हता.